दाबमापक आणि वारा पाहून पावसाचा अंदाज कसा बांधावा

मोबाइलमधल्या किंवा भिंतीवरच्या दाबमापकाने 946 हा आकडा दाखवला, म्हणून वादळ येणार असा निष्कर्ष काढू नये. समुद्रसपाटीला हवेचा दाब सरासरी 1013 हेक्टोपास्कल असतो आणि दर 8-9 मीटर उंचीमागे तो सुमारे 1 हेक्टोपास्कलने उतरतो. त्यामुळे 560 मीटर उंचीवरच्या पुण्यात 946 हा अगदी रोजचा आकडा आहे. तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर गेलात तरी दाब जवळजवळ 1 हेक्टोपास्कलने कमी दिसतो, म्हणून नोंद नेहमी एकाच जागी घ्यावी.

वेळही एकच ठेवावी. आपल्याकडे दाब सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास चढतो, तर पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो, आणि हा चढउतार 3-4 हेक्टोपास्कलपर्यंत जातो. सकाळी दहाची नोंद दुपारी चारच्या नोंदीशी ताडून पाहणाऱ्याला रोजच दाब कोसळल्याचा भास होतो. माझ्या वहीचे पहिले पंधरा दिवस याच चुकीत गेले. आजच्या चारची तुलना कालच्या चारशी केली, तरच त्या फरकाला अर्थ येतो.

यानंतर वारा पाहावा. इमारतींमुळे गल्लीतला वारा वाकडातिकडा फिरतो, म्हणून गच्चीवर जाऊन खालच्या थरातले ढग कोणत्या दिशेने सरकत आहेत ते बघावे. डच हवामानशास्त्रज्ञ बाइस बॅलट यांनी 1857 मध्ये मांडलेला नियम इथे उपयोगी पडतो: उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिले, तर कमी दाबाचे क्षेत्र डाव्या हाताला असते. जुलैमध्ये पश्चिमेच्या वाऱ्याकडे पाठ केली की तोंड पूर्वेला आणि डावा हात उत्तरेला येतो, आणि मान्सूनचा कमी दाबाचा पट्टा खरोखरच त्या बाजूला, उत्तर भारतावर पसरलेला असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ढग पूर्वेकडून येऊ लागले, तर तोच हात दक्षिणेकडे जातो. अशा वेळी दाब कालच्यापेक्षा उतरलेला असेल, तर अवकाळी पावसाची शक्यता धरून सुगीची कामे आवरती घ्यावीत. किनाऱ्यावर दिवसा समुद्राकडून येणारे खारे वारे आणि रात्री जमिनीकडून वाहणारे मतलई वारे मात्र जमीन व पाणी कमीजास्त तापल्यामुळे सुटतात, म्हणून हा नियम त्यांना लावू नये.

वारा कोणती हवा घेऊन येतो, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. मे महिन्यात वायव्येकडून आलेली कोरडी हवा असेल, तर दोरीवरचे कपडे बघता बघता वाळतात. अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा असेल, तर घामसुद्धा वाळत नाही. हीच दमट हवा जूननंतर सह्याद्रीला धडकून वर चढते, थंड होते आणि महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पाडते. घाट ओलांडून खाली उतरताना मात्र ती पुन्हा तापते आणि ढग विरतात, म्हणून पूर्वेकडचे माण-खटाव कोरडे राहतात. पावसाळ्यात वारा पश्चिमेचाच असूनही देशावर नुसते ढग पळताना दिसतात, त्याचे कारण हेच आहे. तिथल्या भरवशाच्या पावसासाठी अनेकदा बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे क्षेत्र पश्चिमेकडे सरकण्याची वाट पाहावी लागते.

वळवाच्या पावसाचे गणित याहून वेगळे आहे. दुपारी कुंद उकाडा असतो, वारा पडलेला असतो आणि अचानक एका बाजूने गार झोत येऊन धूळ उडते. त्याच क्षणी दाबमापक पाहिला, तर आकडा घसरण्याऐवजी काही मिनिटांतच 1-2 हेक्टोपास्कलने वर गेलेला सापडतो. ढगातून कोसळलेली थंड, जड हवा आपल्यापर्यंत पोहोचली, एवढाच त्याचा अर्थ असतो. अशा वेळी वहीत नोंद करत गच्चीवर थांबू नये; वीज कडाडण्याआधी खाली यावे.