पांढरा कोट रंगवताना शुद्ध पांढरा सगळ्यात शेवटी

नेपोलियनविरुद्धच्या, १८०९ च्या वाग्रामच्या लढाईतलं ऑस्ट्रियन पायदळ म्हणजे पांढरे कोट. शिपायाच्या १५ मिमीच्या छोट्या पुतळ्यावर थेट पांढरा फासला की कोट खडूसारखा सपाट दिसतो, कारण घड्या उठवायला त्याहून उजळ रंगच उरत नाही. म्हणून फिकट राखाडी प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) द्या. त्यावर ३ थेंब पांढऱ्यात १ थेंब राखाडी मिसळून पातळ दोन हात. पहिला पूर्ण वाळला नसेल तर ब्रशबरोबर तोही निघून येतो. शुद्ध पांढरा फक्त खांद्यांवर, गुडघ्यांवर आणि घड्यांच्या माथ्यावर. छातीवरचे पट्टेही पांढरेच, तेव्हा त्यांच्या दोन्ही कडांना गडद राखाडीची केसाएवढी रेघ ओढा. काळी नकोच, या आकाराला ती फार बोचते. मग कॉलर आणि कफ, ज्या त्या रेजिमेंटच्या रंगात: उदाहरणार्थ डॉइचमाइस्टर रेजिमेंट, क्रमांक ४, आकाशी निळा.