ड्रेजिंगच्या गाळाचं बांधकाम साहित्य करताय? या चुका टाळा

बंदराचा, खाडीचा, नदीचा तळ उपसून (म्हणजे ड्रेजिंग करून) काढलेला गाळ फुकट मिळतोय म्हटल्यावर लोकांना लगेच ब्लॉक, पेव्हर, भरावाची माती असं काय काय दिसायला लागतं. मग पहिल्या बॅचचा क्यूब, म्हणजे ताकद तपासायचा ठोकळा, साच्यातून काढताना त्यात अंगठा रुततो आणि सगळे सिमेंटवाल्यावर तुटून पडतात. बहुतेक वेळा सिमेंट चांगलंच असतं, पाण्याचा आकडा चुकलेला असतो.

हे जरा सविस्तर लिहितो, कारण दर वेळी हेच बघतोय. "६० टक्के पाणी" म्हणजे कशाच्या ६० टक्के? प्लांटवाले बरेचदा ओल्या गाळाच्या एकूण वजनावर मोजतात, माती तपासणारे कोरड्या मातीच्या वजनावर. शंभर किलो गाळात ६० किलो पाणी असेल तर माती ४० किलो, म्हणजे लॅबच्या हिशोबात ते १५० टक्के. एका साइटवर रिपोर्टमध्ये नुसतं ६० टक्के लिहिलेलं, मिक्स ठरवणाऱ्या साहेबांनी ते कोरड्यावर धरलं, त्यामुळे शंभर किलोत पाणी आलं साडेसदतीस किलो आणि कोरड्या मातीच्या १० टक्क्यांनी सिमेंट सव्वासहा किलो. कागदावर पाणी सिमेंटच्या सहापट, प्रत्यक्षात साडेनऊ पटीच्या वर. महिना उलटला तरी भरावावर रोलर चढेना. मग कुणाच्या तरी डोक्यातून आलं की वरून अजून सिमेंट टाकू, टाकलं, वर पापडी धरली आणि खाली लगदा तसाच. शेवटी सगळं उकरलं. ताटलीभर गाळ १०५ डिग्रीला वजन स्थिर होईपर्यंत ओव्हनमध्ये ठेवला असता तर हे झालंच नसतं. मी तर आता टक्के ऐकतच नाही, ओलं वजन किती नि कोरडं किती तेवढं सांगा म्हणतो.

यावरचा लाडका शॉर्टकट म्हणजे "चुना टाका, पाणी ओढून घेईल". अहो, एक किलो कळीचा चुना विरताना साधारण ३२० ग्रॅम पाणी घेतो, उष्णतेने अजून थोडं उडतं, संपलं. आधी पाणी काढा, जिओट्यूब (पाणी झिरपू देणारी मोठी कापडी पिशवी), फिल्टर प्रेस (गाळ कापडात दाबून पिळणारं मशीन), जे असेल त्याने. आणि फ्लॉक्युलंट (गाळाचे बारीक कण एकत्र गोळा करणारं रसायन) जास्त ओतलं म्हणून पाणी जास्त सुटत नाही, उलट गाळ बुळबुळीत होतो आणि प्रेसचं कापड चोंदतं.

दुसरी चूक सॅम्पलची. गाळ सोडणाऱ्या पाइपच्या तोंडाशी जड वाळू बसते, बारीक गाळ लांब जातो. लोक चपला चिखलात जायला नकोत म्हणून काठावरूनच, पाइपजवळचं उचलतात, रिपोर्ट झकास येतो आणि ब्लॉक मात्र लांबच्या गाळाचे पाडतात! हॅम्बुर्ग बंदरातला १९९३ पासूनचा मेथा प्लांट वाळू आणि बारीक गाळ वेगळे करतो ते उगाच नाही, दोन्हींचा उपयोगच वेगळा.

काळा, वास मारणारा गाळ असेल तर घाई नकोच. त्यातलं कुजकं सेंद्रिय सिमेंटला नीट धरू देत नाही. मी आधी थोडा चुना मिसळून ठेवतो, मग सिमेंट, आणि ७ दिवसांच्या क्यूबवर खूश न होता २८ दिवसांचा फोडल्याशिवाय ऑर्डर घेत नाही. तीन दिवसांत किती येईल असं विचारणाऱ्यांनी दुसरा धंदा बघावा.

समुद्राचा गाळ न धुता सळईच्या काँक्रीटमध्ये घालू नका, क्लोराइड सळई खातं. त्याच्या विटांनाही लोणा फुटतो.

चुना-सिमेंट टाकलं की जड धातू कायमचे बांधले जातात हाही गैरसमज. चुना-सिमेंटने मिश्रण अल्कली होतं, आणि शिसं आणि जस्त फार अल्कलीत परत विरघळतात, तेव्हा लीचिंग टेस्ट (पाण्यात किती धातू सुटतात त्याची तपासणी) तयार ब्लॉकवर करा, कच्च्या गाळावर करून फाइल बंद करू नका. सल्फेटही त्याच वेळी तपासून घ्या. ते जास्त असेल तर चुना घातलेला भराव काही महिन्यांनी फुगतो, तोवर वर रस्ता झालेला असतो आणि ठेकेदार बिल घेऊन गेलेला असतो.