अँटोनिओवर लिहिताना या चुका टाळा

शेक्सपिअरचं 'मर्चंट ऑफ व्हेनिस' हे नाटक म्हटलं की डोळ्यांपुढे शायलॉक उभा राहतो आणि पहिली गफलत तिथंच होते. नावातला व्यापारी अँटोनिओ आहे. शायलॉक हा ज्यू सावकार.

त्याहून जास्त घोळ होतो तो अँटोनिओच्या उदासीबद्दल. 'जहाजांच्या काळजीने तो खिन्न असतो,' असं उत्तरपत्रिकांत बेधडक लिहिलेलं असतं. पण हे कारण मित्र सुचवतात आणि तो ते तिथल्या तिथं खोडून काढतो: माझा सगळा माल काही एकाच जहाजावर नाही. मग प्रेमात पडलास का? त्यावर 'छट्!' म्हणून विषय संपवतो. मी उदास का, हे मलाच कळत नाही, असं तर तो पहिल्याच वाक्यात सांगून बसलाय. जिवलग मित्र बासानिओ लग्नासाठी दूर जाणार म्हणून तो खचलाय, असंही बरेच जण मानतात. त्याला आधार आहे. निरोपाच्या वेळी डोळे भरून आल्यामुळे अँटोनिओ तोंड फिरवतो आणि हात मागे नेऊन बासानिओचा हात घट्ट दाबतो. एवढं असलं तरी हा तर्कच. तर्क म्हणूनच लिहा.

तिसरी चूक मला सगळ्यात खटकते: त्याला संत करून टाकणं. मित्रासाठी शायलॉककडून घेतलेल्या 3,000 डुकाटांच्या (सोन्याच्या नाण्यांच्या) कर्जापायी, ते न फिटल्यास स्वतःचं पौंडभर मांस लिहून देणारा, बिनव्याजी पैसे देणारा माणूस तो आहेच. पण हाच माणूस शायलॉकला कुत्रा म्हणतो, त्याच्यावर थुंकतो आणि कर्ज मागायला आल्यावरही 'पुन्हा तसंच करीन' असं तोंडावर सुनावतो. कर्ज मुदतीत न फिटल्याने उभ्या राहिलेल्या खटल्याच्या शेवटी शायलॉकने ख्रिस्ती व्हावं, ही अट त्याचीच. एवढा निष्ठावान माणूस इतका क्रूरही असतो, हे गाळलं तर पात्रात उरतं काय?

नटांसाठी एक सूचना. कोर्टातल्या प्रवेशात रडारड करू नका. तिथं तो स्वतःला कळपातला रोगट मेंढा म्हणतो, मरायला जवळजवळ तयारच असतो.

शेवटी त्याची तीन जहाजं सुखरूप परततात. बाकीच्यांच्या जोड्या जमलेल्या, तो मात्र एकटाच. काही प्रयोगांत पडदा पडताना तो रंगमंचावर एकटा मागे राहतो. ती दिग्दर्शकाची कल्पना. संहितेत तशी सूचना नाही, त्यामुळे ती शेक्सपिअरच्या नावावर खपवू नका.