लिनक्सच्या कर्नलमध्ये (म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात) डिस्कच्या ड्रायव्हरचे ऑप्शन लावताना या चुका टाळा, आणि डिस्क मेली म्हणून लगेच फॉरमॅट मारू नका

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तिथली धोक्याची पातळी ४५ ची आहे, म्हणजे गावात काय झालं असेल ते बाहेरच्यांनी पण समजून घ्या. तेव्हा हळदीच्या एका अडत्यांनी लय शहाणपणाचं काम केलं होतं, पाणी दुकानात शिरायच्या आधी हिशोबाच्या सर्व्हरमधली डिस्क काढून टॉवेलात गुंडाळून वरच्या मजल्यावर नेऊन ठेवली. मशीन चिखलात गेलं, डिस्क वाचली. पूर ओसरल्यावर त्यांनी एक सेकंडहँड सर्व्हर आणला, त्यात हीच डिस्क लावली आणि चालू केला तर स्क्रीनवर दोन-तीन मिनिटं ड्रॅकट इनिटक्यू टाइमआउटच्या ओळीच ओळी, मग डेव्ह मॅपर सेंटओएस-रूट डझ नॉट एक्झिस्ट (म्हणजे रूट, जिथं अख्खी सिस्टिम असते ती जागा, सापडत नाही), आणि खाली नुसता काळा प्रॉम्प्ट. कुणीतरी त्यांना सांगितलं की डिस्कला पाणी लागलंय, पुण्याला रिकव्हरीला पाठवा नाहीतर फॉरमॅट मारून नवीन टाका. माझ्याकडे आले तेव्हा एकच सांगत होते, "दादा, पाणी लागलंच नाही ओ, मी स्वतःच्या हातानं वर नेलीय."

आणि त्यांचं खरं होतं. डिस्क ठणठणीत होती. जुन्या मशीनवर ती साध्या सॅटा पोर्टला होती, म्हणजे एएचसीआय ड्रायव्हर. नवीन सर्व्हरमध्ये सगळ्या डिस्क एका एसएएस एचबीए कार्डामागं (डिस्क जोडायचं वेगळं कार्ड), त्याला लागतो एमपीटी-थ्री-एसएएस हा ड्रायव्हर. सेंटओएस, रेडहॅट, फेडोरा या घराण्यात ड्रॅकट हे टूल जेव्हा इनिटरॅमएफएस (बूट होताना आधी मेमरीत चढणारी छोटी फाइल, तिच्यात रूटपर्यंत पोचायचे ड्रायव्हर असतात) बनवतं तेव्हा होस्ट-ओन्ली पद्धतीनं बनवतं, म्हणजे त्या दिवशी त्या मशीनला जेवढे ड्रायव्हर लागतात तेवढेच त्या फाइलीत भरतं. एचबीएचा ड्रायव्हर डिस्कवर होता की, पण इनिटरॅमएफएसमध्ये नव्हता. किल्ली कपाटात आणि कपाटाला कुलूप, अगदी तोच प्रकार.

उपाय दहा मिनिटांचा होता. ग्रबच्या, म्हणजे बूट लोडरच्या, मेनूत सगळ्यात खाली रेस्क्यू नावाची एंट्री असते, तिचा इनिटरॅमएफएस इन्स्टॉल करताना सगळे ड्रायव्हर घालून बनवलेला असतो. त्या एंट्रीतून बूट केलं, डिस्क दिसली, मग ड्रॅकटला फोर्स आणि नो-होस्टओन्ली हे दोन ऑप्शन देऊन नेहमीच्या कर्नलची फाइल पुन्हा बनवली. इथं एक बारीक गोष्ट, रेस्क्यूमधून आलात की चालू असलेला कर्नल जुना असू शकतो, म्हणून ड्रॅकटला कुठल्या कर्नलसाठी बनवायचं तो व्हर्जन नंबर सांगायचा, किंवा रिजनरेट-ऑल द्यायचं, नाहीतर फाइल बनते पण भलत्याच कर्नलची, आणि रीबूट केल्यावर परत तोच काळा प्रॉम्प्ट. त्या दिवशी सात वर्षांचा हळदीचा हिशोब जसाच्या तसा उघडला.

हे एवढं लांबून सांगितलं कारण आपल्याकडं सांगली-मिरजेत काय आणि साताऱ्यात काय, बूट झालं नाही की पहिला शब्द "डिस्क गेली" हाच निघतो. बऱ्याच वेळा डिस्क कुठंच गेलेली नसते, कर्नलला तिच्यापर्यंत जायचा रस्ता दिलेला नसतो.

आता स्वतः कर्नल कंपाइल करणाऱ्या पोरांची नेहमीची चूक. मेनूकॉन्फिगमध्ये, म्हणजे कर्नलचे पर्याय निवडायच्या मेनूत, प्रत्येक ड्रायव्हरसमोर तीन पर्याय, नाही, मॉड्यूल म्हणजे एम (ड्रायव्हर वेगळ्या फाइलीत, लागेल तेव्हा लोड होतो), आणि बिल्ट-इन म्हणजे वाय (ड्रायव्हर कर्नलच्या आतच). सगळीकडं एम मारतात कारण कर्नल लहान होतो असं ऐकलेलं असतं, आणि इनिटरॅमएफएस बनवतच नाहीत. मग रूट डिस्कचा ड्रायव्हर त्याच डिस्कवरच्या मॉड्यूल फोल्डरमध्ये अडकून बसतो. इनिटरॅमएफएस वापरणार नसाल तर रूटपर्यंतची अख्खी साखळी वाय पाहिजे, एकही कडी एम नको. सॅटा डिस्कसाठी कड्या अशा: एटीए सपोर्ट, त्यात एएचसीआय, मग एससीएसआय डिस्क सपोर्ट, मग पार्टिशनचा प्रकार म्हणजे जीपीटी, मग एक्स्टी-फोर किंवा जी फाइलसिस्टिम असेल ती. एससीएसआय बघून पोरं म्हणतात माझ्याकडं कुठं एससीएसआय आहे, आणि काढून टाकतात, आणि तिथंच फसतात, कारण लिनक्समध्ये सॅटा डिस्क लिबएटीए या कर्नलच्या भागातून येते आणि लिबएटीए ती एससीएसआय डिस्क म्हणूनच पुढं देतं, म्हणून तर तिचं नाव एसडीए असतं. एनव्हीएमई एसएसडीला मात्र हा एससीएसआयचा थर लागत नाही, तिचा स्वतःचा ब्लॉक ड्रायव्हर आहे, तो वाय केला की झालं. रेड किंवा एन्क्रिप्शन असेल तर एमडी, डिव्हाइस मॅपर, डीएम-क्रिप्ट हे पण साखळीत येतात, आणि एलव्हीएम (डिस्कची जागा वाटून देणारा थर) किंवा एन्क्रिप्शनवर रूट असेल तर इनिटरॅमएफएसशिवाय जायच्या भानगडीत पडूच नका.

कर्नल पॅनिक आला, म्हणजे कर्नल एरर देऊन थांबला, की फोटो काढा, स्क्रीन बंद करू नका. त्या ओळीत सगळं लिहिलेलं असतं आणि कोण वाचत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक असं येतं आणि पुढं दोन आकडे. ०,० असतील तर कर्नलला रूटचं डिव्हाइस सापडलंच नाही, म्हणजे कंट्रोलरचा ड्रायव्हर नाही, इनिटरॅमएफएस लोड झाला नाही किंवा रूटचं नाव चुकलंय. ८,१ किंवा ८,२ असं काही असेल तर डिस्क दिसली, कारण ८ हा एसडी डिस्कचा मेजर नंबर (डिव्हाइसचा प्रकार सांगणारा आकडा) आहे, मग अडलंय ते बहुतेक फाइलसिस्टिमपाशी, एक्स्टी-फोर किंवा एक्सएफएस घालायचं राहिलंय. एनव्हीएमई असेल तर ८ च्या जागी २५९ दिसतो. त्याच्या थोडं वर हिअर आर द अव्हेलेबल पार्टिशन्स म्हणून यादी असते, ती रिकामी असेल तर कंट्रोलरपासून सुरुवात करायची, तुमची पार्टिशन्स तिथं दिसत असतील तर फक्त रूटचं नाव दुरुस्त करायचं. कंपाइल परत करायची गरजच नसते बऱ्याचदा.

उबंटूवर हाच ०,० येतो पण कारण वेगळं निघतं. काही इन्स्टॉलवर वेगळं लहान बूट पार्टिशन असतं, दर अपडेटला नवीन कर्नल येत राहतो, जुने कोणी काढत नाही, शेवटी जागा संपते आणि इनिटरॅमएफएस बनवतानाच मधेच एरर येतो. अपडेटच्या लांबलचक आउटपुटमध्ये नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस ही ओळ निघून जाते, मशीन त्या दिवशी चालूच असतं, आणि पंधरा दिवसांनी लाइट जाऊन आली की बूट होत नाही, मग सगळे म्हणतात लाइटमुळं डिस्क उडाली. ग्रबमध्ये ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडा, मशीन उठेल, मग ऑटोरिमूव्हनं जुने कर्नल काढून अपडेट-इनिटरॅमएफएस चालवा. आणि म्हणूनच जागा करायची म्हणून सगळे जुने कर्नल उडवू नका, चालणारा एक तरी मागं ठेवाच, मी याबाबतीत कोणाचं ऐकत नाही.

लोकलमॉडकॉन्फिग ही कमांड चांगली आहे, कर्नल खरंच आटोपशीर होतो, पण ती फक्त त्या क्षणाला लोड असलेले मॉड्यूल बघते. बॅकअपची यूएसबी डिस्क त्या वेळी लावलेली नसेल तर यूएसबी स्टोरेज आणि यूएएस हे यूएसबी डिस्कचे दोन्ही ड्रायव्हर जाऊ शकतात, आणि ते कळतं कधी, तर बॅकअप घ्यायच्या दिवशी. म्हणून कमांड चालवायच्या आधी पेनड्राइव्ह, बाहेरची डिस्क, कार्ड रीडर, जे जे वर्षातनं एकदा तरी लागतं ते सगळं एकेकदा लावून माउंट करा. आणि कोऱ्या पानावरून सुरुवात करू नका, बूट फोल्डरमध्ये चालू कर्नलची कॉन्फिग फाइल पडलेली असते, ती कॉपी करून ओल्डडेफकॉन्फिग (नवीन पर्यायांना डिफॉल्ट उत्तर भरणारी कमांड) चालवा आणि मग पाहिजे तेवढंच बदला. कुठला ड्रायव्हर लागतो ते अंदाजानं ठरवायचं नाही, एलएसपीसीआय कमांडला के ऑप्शन द्या, प्रत्येक कंट्रोलरखाली कर्नल ड्रायव्हर इन यूज म्हणून नाव येतं, तेच नाव मेनूकॉन्फिगमध्ये स्लॅश दाबून शोधा.

रूटला डेव्ह-एसडीए-टू असं नाव देणं बंद करा. एक पेनड्राइव्ह किंवा दुसरी डिस्क लावली की एसडीएची एसडीबी होऊ शकते, क्रम कायम राहील असं कर्नल कुठंच कबूल करत नाही. यूयूआयडी, म्हणजे फाइलसिस्टिमचा कायमचा ओळख नंबर, द्या. फक्त एक लक्षात ठेवा, ग्रबमधल्या कर्नल लाइनीवर रूट इज इक्वल टू यूयूआयडी हे इनिटरॅमएफएस असेल तरच चालतं, कारण फाइलसिस्टिमचा यूयूआयडी वाचून डिस्क शोधायचं काम तोच करतो, कर्नलला स्वतःहून कळतो तो पार्टयूयूआयडी, म्हणजे पार्टिशनचा नंबर. यूएसबीवर रूट असेल तर रूटवेट पण जोडा, डिस्क जागी व्हायला वेळ घेते. एफएसटॅब फाइलीत (बूटला काय माउंट करायचं त्याची यादी) बाहेरच्या डिस्कच्या ओळीला नोफेल लिहा, नाहीतर ती डिस्क काढून ठेवलेल्या दिवशी सिस्टिम दीड मिनिट वाट बघते आणि इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसते.

माझा भाचा साताऱ्यात इंजिनिअरिंगला आहे, त्याच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायला बसला तर इन्स्टॉलरला डिस्कच दिसेना. इंटेलच्या ११ व्या पिढीपासून बऱ्याच लॅपटॉपवर व्हीएमडी (इंटेलची डिस्क सांभाळायची सोय) चालू असतं, एनव्हीएमई त्याच्या मागं लपते. कर्नलमध्ये व्हीएमडीचा ड्रायव्हर असेल तर दिसते, नसेल तर बायोसमध्ये जाऊन ते बंद करावं लागतं. पण फोनवर मी त्याला म्हटलं थांब, आधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनची, रिकव्हरी की लिहून घे, आणि विंडोज सेफ मोडमध्ये जाईल असं सेट कर, मगच बायोसला हात लाव. सरळ मोड बदलला तर विंडोज निळी स्क्रीन देतं आणि घरचे म्हणतात लिनक्समुळं लॅपटॉप बिघडला. आणि खरं रेड कार्ड असलेल्या सर्व्हरवर डिस्क बदलताना कार्डानं इनिशियलाइज करू का विचारलं तर हो म्हणू नका, कधीच नाही, तिथं डेटा खरोखर जातो.

ऑप्शन लिहिला पण लागू होत नाही, हे पण रोजचंच. मॉडप्रोब-डी फोल्डरमधल्या फाइली फक्त मॉड्यूलसाठी असतात, ड्रायव्हर बिल्ट-इन असेल तर त्यांना कोणी विचारत नाही, तेव्हा ग्रबच्या कर्नल लाइनीवर ड्रायव्हरचं नाव, टिंब, ऑप्शन असं लिहायचं आणि अपडेट-ग्रब करायचं. मॉड्यूल असला तरी तो इनिटरॅमएफएसमधून लोड होत असेल तर ती फाइल परत बनवल्याशिवाय बदल आत जात नाही. लागू झाला का ते सिस-मॉड्यूलमध्ये त्या ड्रायव्हरच्या पॅरामीटर्स फोल्डरमध्ये दिसतं, तिथं बघायचं, मनानं धरून चालायचं नाही. जुन्या लेखांतला एलेव्हेटर इज इक्वल टू डेडलाइन वगैरे सोडून द्या, २०१९ च्या ५.० कर्नलपासून डिस्कच्या कामाचा क्रम लावणारे जुने शेड्यूलर गेले. तसाच जुना आयडीई ड्रायव्हर, तो २०२१ मध्ये ५.१४ ला काढला, जुन्या आयडीई डिस्कला आता लिबएटीएमधले पाटा (पॅरलल एटीए) ड्रायव्हर शोधा.

चालू असताना डिस्क मधेच गायब होत असेल तर डीमेसेज, म्हणजे कर्नलचा लॉग, वाचा. यूएसबी केसमधली डिस्क कॉपी करताना सारखी रीसेट होत असेल तर यूएएसवर संशय घ्या, यूएसबी-स्टोरेजच्या क्वर्क्स ऑप्शनमध्ये त्या केसचा व्हेंडर आणि प्रॉडक्ट नंबर टाकून शेवटी यू लावला की ती साध्या पद्धतीनं चालते, वेग थोडा कमी होतो पण कॉपी पुरी होते. लॅपटॉपमधली एनव्हीएमई झोपेतनं उठल्यासारखी अडखळत असेल तर एनव्हीएमई-कोअरचा डिफॉल्ट-पीएस-मॅक्स-लेटन्सी शून्य करून बघा, पॉवर सेव्हिंगचा त्रास असेल तर थांबतो. पण सॅटावर आयसीआरसी (वाटेत डेटा बिघडल्याचे) असे एरर येत असतील, किंवा स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तब्येतीच्या नोंदीत, १९९ नंबरचा काउंट वाढत असेल, तर ड्रायव्हरला हात लावू नका, केबल बदला. एका दुकानात मी लिबएटीएचे फोर्स ऑप्शन बदलण्यात अर्धा दिवस घालवला होता, एनसीक्यू (डिस्कची कमांडची रांग) बंद केलं, स्पीड १.५ जीबीपीएसवर आणला, एरर कमी झाले म्हणून वाटलं सुटलं, दुसऱ्या दिवशी परत तेच, शेवटी शंभर रुपयांच्या आतली केबल बदलली आणि काउंट तिथंच थांबला. तेव्हापासून आधी केबल, मग एसएमपीएस, मग ऑप्शन.

एकही कर्नल उठत नसेल तर लाइव्ह पेनड्राइव्ह लावा. रूट पार्टिशन माउंट करा, वेगळं असेल तर बूट पार्टिशन पण त्याच्या आत, मग डेव्ह, प्रॉक, सिस हे तीन फोल्डर बाइंड करून सीएचरूटनं (डिस्कवरच्या सिस्टिममध्ये शिरायची कमांड) आत जा आणि तिथून इनिटरॅमएफएस बनवा, डेबियन-उबंटूवर अपडेट-इनिटरॅमएफएस, रेडहॅटवाल्यांना ड्रॅकट, आर्चला एमकेइनिटसीपीआयओ. बूट पार्टिशन माउंट करायचं विसरतात लोक, मग फाइल नुसत्या फोल्डरमध्ये पडते आणि ग्रबला जुनीच दिसते. बाहेर पडायच्या आधी एलएस-इनिटरॅमएफएस किंवा एलएस-इनिटआरडीनं आतली यादी काढून तुमच्या कंट्रोलरच्या ड्रायव्हरचं नाव त्यात आहे का ते डोळ्यानं बघा, आणि मगच पेनड्राइव्ह काढून रीबूट मारा.