कोल्हापूर ते नागपूर विमानाने किती किमी, किती वेळ? घरबसल्या काढा

नागपूरच्या मेव्हण्याला मी फोनवर ठोकून दिलं की सव्वादोन तास लागतील, रस्त्याचे साडेआठशेच्या आसपास किमी घेतले, 500 ने भागले, वर अर्धा तास टाकला, झालं. तो बिचारा जेवून निवांत निघाला आणि आम्ही सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, बॅगांवर बसून त्याची वाट बघतोय. चूक माझीच, तेव्हा ही पद्धत लिहून ठेवतो.

पहिलं म्हणजे रस्त्याचे किमी विसरा. गुगल मॅपवर उजळाईवाडीच्या, म्हणजे कोल्हापूर विमानतळाच्या, रनवेवर बोट दाबून धरा, पिन पडली की खाली दोन आकडे दिसतात, 16.66 आणि 74.29. सोनेगावचे येतात 21.09 आणि 79.05. आता वजाबाकी करा, अक्षांशात फरक 4.43, रेखांशात 4.76. अक्षांशाची एक डिग्री म्हणजे 111 किमी, रेखांशाची मात्र विषुववृत्तापासनं वर जाल तशी आखडत जाते, आपल्या महाराष्ट्रात 105 धरा. म्हणजे 492 किमी उत्तरेला आणि 500 किमी पूर्वेला. पुढं शाळेतला पायथागोरस, दोन्हींचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ, आणि उत्तर साधारण 700 किमी. गणित नको असेल तर त्याच पिनवर ‘मेजर डिस्टन्स’ आहे, पण हाताने काढलेलं जुळलं की भारी वाटतं राव.

आता वेळ. इथं विमान कुठलं ते बघायलाच लागतं, तिकीट काढताना नाव लिहिलेलं असतं. पंख्याचं एटीआर 72 असेल तर स्पीड ताशी 500 च्या आसपास, म्हणजे 84 मिनिटं. एम्ब्रेअर 175 सारखं छोटं जेट असेल तर 800 धरा, 52-53 मिनिटं. पण विमान काय पहिल्या मिनिटापासनं त्या स्पीडने पळत नाही, टॅक्सी (म्हणजे विमान जमिनीवर सरकत रनवेपर्यंत जातं-येतं ते), चढणं, उतरणं यासाठी 20 ते 30 मिनिटं मिळवा. म्हणजे एटीआरला पावणेदोन तास, जेटला सव्वा ते दीड. आमचं जेट होतं आणि मी 500 ने भागत बसलेलो, म्हणजे दोन्हीकडनं माती खाल्ली.

तिकिटावरची वेळ जागेवरून हलल्यापासून जागेवर थांबेपर्यंतची असते, त्यामुळे ती हवेतल्या वेळेपेक्षा जास्तच दिसणार. हिवाळ्यात वर वारं पश्चिमेकडनं वाहतं, त्यामुळे नागपूरला जाताना जरा लवकर आणि येताना जरा उशीर.

थेट विमान रोज असेलच असं नाही, टाइमटेबल बघा. मुंबईवरनं गेलात तर आधी 308 आणि मग 683 किमी, म्हणजे हजाराच्या घरात, शिवाय मधला थांबा, तो चार तासांचा असेल तर वरचं सगळं गणित गुंडाळून ठेवा आणि मेव्हण्याला सरळ पोचल्यावर फोन करा.