वर्ग 6, पण विभाग कोणता?

खाणकामाचा डिप्लोमा करून चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका दगडखाणीच्या मॅगझिनवर, म्हणजे स्फोटकांच्या कोठारावर, लागलो, तेव्हा 2008 च्या स्फोटक नियमांतले वर्ग मला पाठ होते. 1 म्हणजे बारूद, 2 नायट्रेट मिश्रण, 3 नायट्रो संयुगं, 4 क्लोरेट मिश्रण, 5 फल्मिनेट, 6 अ‍ॅम्युनिशन, 7 फटाके. आकड्यांबरोबर धोकाही चढत किंवा उतरत जात असेल, असं मनात पक्कं बसलं होतं.

साठा नोंदवताना मी सेफ्टी फ्यूज आणि डेटोनेटर दोन्हींपुढे 'वर्ग 6' एवढंच लिहिलं. मॅगझिन सांभाळणाऱ्या काकांनी नोंदवही परत माझ्याकडे सरकवली. "वर्ग बरोबर आहे भाऊ, विभाग कुठे गेला?"

विभाग 1 म्हणजे सेफ्टी फ्यूज, सावकाश जळत जाणारी वात. विभाग 2 डेटोनेटिंग फ्यूज, खाणीवरचं 'डीएफ'. दिसायला दोरीच, पण आत पीईटीएन हे जोरदार स्फोटक असतं आणि स्फोट तिच्यातून सेकंदाला सहा-सात किलोमीटर वेगाने धावतो. विभाग 3 डेटोनेटर, मुख्य स्फोटकाला उडवणारी छोटी नळी. एका वर्गाच्या पोटात एवढी तफावत असते, हे मला डिप्लोमा करताना कुणी सांगितलं नव्हतं.

वर्गावरून माल कोणत्या जातीचा ते कळतं. तो पेटला तर काय होईल, हे कळतं धोक्याच्या श्रेणीवरून. या श्रेणी चार: एक्स, वाय, झेड आणि झेडझेड. एक्समध्ये आग किंवा लहान स्फोट, तोही जागेपुरता. वायमध्ये मोठी आग किंवा मध्यम स्फोट, पण सगळा साठा एकदम उडत नाही. झेड आणि झेडझेडमध्ये मात्र उडतो. झेडझेड हे नाव जास्त भयंकर वाटतं, पण तुकडे जास्त फेकले जातात ते झेडमध्ये. मॅगझिनपासून रस्ता आणि वस्ती किती लांब हवी, हे श्रेणी आणि किलो यांवरून ठरतं. म्हणून ही श्रेणी चुकली की पुढचं सगळं गणित चुकतं.

वाहतुकीत संयुक्त राष्ट्रांची पद्धत भेटते. खोक्यांवर 1.1डी आणि 1.1बी असं दिसेल. 1.1 म्हणजे दोन्हींत सगळा माल एकदम उडण्याचा धोका. पण डी म्हणजे स्लरीसारखं मुख्य स्फोटक आणि बी म्हणजे डेटोनेटर. अक्षर वेगळं, म्हणून साठवणही वेगळी.

नव्याने लागलात तर नागपूरच्या पेसोच्या, म्हणजे स्फोटकांचे परवाने देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, अधिकृत स्फोटकांच्या यादीत आपल्या मॅगझिनमधला प्रत्येक माल शोधा आणि वर्ग-विभाग हाताने वहीत उतरवा. मला त्याला दोन संध्याकाळी लागल्या.