मार्चमधली यादी कशी वाचावी: बेसबॉलच्या सराव-हंगामातील संघनिवड आणि दुखापतींवर वाद घालणाऱ्यांसाठी

मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाचा प्रमुख पिचर (चेंडू फेकणारा) गेरिट कोल याचे उजवे कोपर दुखावले, आणि न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मित्रमंडळींत आठवडाभर एकच वाद पेटला: शस्त्रक्रिया होणार की टळणार? डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, कोल १९ जूनला मैदानात परतला आणि ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीज ही अंतिम मालिकाही खेळला. पुढच्याच वर्षी, मार्च २०२५ मध्ये, तेच कोपर पुन्हा दुखले. या खेपेस ११ मार्चला टॉमी जॉन शस्त्रक्रिया (कोपरातला लिगामेंट, म्हणजे हाडे जोडणारा बंध, नव्याने बसवण्याची) झाली आणि अख्खा मोसम हातचा गेला. दोन्ही वेळी पहिल्या बातमीतला मजकूर साधारण एवढाच होता, की कोपरात त्रास आहे आणि एमआरआय काढला जाणार आहे. एवढ्या तुटपुंज्या माहितीवर आपण किती ठाम बोलतो, हे तेव्हा मला जाणवले आणि मी या वादांसाठी एक पद्धत पाळू लागलो. तीच येथे मांडतो.

सुरुवात मोजदादीने करावी. मोसम सुरू होताना संघात २६ खेळाडू असतात आणि त्यांत १३ पेक्षा अधिक पिचर चालत नाहीत. फेब्रुवारीच्या मध्यास पिचर आणि कॅचर (पिचरचा चेंडू झेलणारे) सराव-शिबिरात दाखल होतात, तेव्हाच कागदावर २६ रकाने आखावेत आणि ज्यांची जागा करारामुळे किंवा कामगिरीमुळे पक्की आहे, त्यांची नावे भरून टाकावीत. शिबिरात खेळाडूंची कितीही गर्दी असली तरी रिकामे रकाने बहुधा तीन-चारच उरतात, आणि वाद घालायचा तो त्या तीन-चार जागांविषयीच घालावा.

त्यानंतर प्रत्येक दावेदारापुढे दोन नोंदी कराव्यात: तो संघाच्या ४० जणांच्या यादीत (ज्या मोठ्या यादीतून २६ जण निवडले जातात) आहे का, आणि त्याचे ‘ऑप्शन’ शिल्लक आहेत का. ४० जणांच्या यादीतील खेळाडूला साधारणपणे तीन मोसमांपर्यंत मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या दर्जाच्या संघांत, मोकळेपणाने पाठवता येते; हेच ‘ऑप्शन’. ही मुदत संपली की त्याला खाली पाठवण्यापूर्वी इतर सर्व संघांना तो घेऊन टाकण्याची संधी द्यावी लागते. त्यामुळे सरस खेळणारा तरुण खाली जातो आणि त्याच्याहून थोडा उणा, पण ऑप्शन संपलेला खेळाडू संघात राहतो, असे दर मार्चमध्ये घडते. चाहत्यांना हा अन्याय वाटतो; परंतु संघाच्या दृष्टीने हा एक खेळाडू गमावायचा की दोघांनाही राखायचे, एवढाच हिशेब असतो, आणि माझ्या मते बहुतेक वेळा तो बरोबरच असतो. याशिवाय काही अनुभवी खेळाडू मायनर लीगच्या करारावर शिबिरात येतात. त्यांना संघात घ्यायचे तर ४० जणांच्या यादीत जागा करावी लागते, आणि ठरावीक तारखेपर्यंत निवड झाली नाही तर दुसरीकडे जाण्याची मुभा अनेकांच्या करारात असते. मार्चच्या अखेरीस अचानक वाटणाऱ्या निर्णयांमागे बरेचदा ती तारीख असते.

सरावसामन्यांच्या आकड्यांना मात्र फार जवळ करू नये. फ्लोरिडात सरावसामन्यांची जी ग्रेपफ्रूट लीग होते, तिचा सामना पाहताना सहाव्या-सातव्या डावानंतर खेळाडूंच्या पाठीवरचे क्रमांक पाहावेत. ऐंशी-नव्वदीतले क्रमांक दिसू लागले की मैदानात मुख्यतः मायनर लीगची मुले आहेत असे समजावे. त्यांच्याविरुद्ध मारलेला होमरन (चेंडू थेट सीमेपार धाडणारा फटका) आणि पहिल्या डावात नावाजलेल्या पिचरविरुद्ध मारलेला होमरन आकडेवारीत सारखाच दिसतो. ॲरिझोनातील सरावसामन्यांच्या कॅक्टस लीगमध्ये कोरड्या हवेमुळे चेंडू अधिक लांब जातो, हेही ध्यानात असावे. पिचरच्या बाबतीत किती धावा गेल्या यापेक्षा चेंडूचा वेग गतवर्षीइतका आहे का आणि तो डावागणिक टिकतो का, हे पाहावे. पिचर कार्लोस कॅरास्को २०२५ मध्ये अशाच मायनर लीगच्या करारावर यांकीजच्या शिबिरात आला, सरावसामन्यांत त्याने छाप पाडली आणि तो संघातही आला. पण मे महिन्यात त्याला वगळावे लागले.

आता दुखापतींकडे वळू, कारण सर्वाधिक चुकीचे बोलणे येथेच होते. बातमी आली की चार गोष्टी शोधाव्यात: दुखणे नेमके कोठे आहे, कोणती तपासणी झाली, दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतले जात आहे का, आणि खेळाडू पुन्हा चेंडू कधी फेकणार आहे. कोपराच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटचा उल्लेख आला आणि दुसरे मत घेण्याची भाषा सुरू झाली, तर मोठ्या बातमीची तयारी ठेवावी. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी लॉस एंजेलिस डॉजर्स संघाचा पिचर टॉमी जॉन याच्या कोपरात दुसऱ्या हातातील स्नायुरज्जू बसवला, त्यावरून त्या शस्त्रक्रियेला हे नाव पडले. तीतून सावरायला पिचरला साधारण १२ ते १८ महिने लागतात. म्हणून मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली तर त्या वर्षाचा विचार सोडून द्यावा.

संघ सांगतो तो कालावधी कशाचा आहे, हेही नीट वाचावे. कोलच्या २०२४ मधील दुखापतीमुळे यांकीजच्याच लुईस गिल या पिचरला संधी मिळाली होती. २०२२ मध्ये स्वतः टॉमी जॉन शस्त्रक्रियेतून गेलेला हा तरुण १५ विजय मिळवून अमेरिकन लीगचा ‘रूकी ऑफ द इयर’ (वर्षातला सर्वोत्तम नवोदित) ठरला. मार्च २०२५ मध्ये त्याच्या पाठीच्या बाजूचा लॅट स्नायू दुखावला आणि किमान सहा आठवडे त्याने चेंडू फेकू नये, असे जाहीर झाले. आमच्यातल्या एकाने लगेच बोटांवर मोजून एप्रिलचा तिसरा आठवडा काढला. परंतु ते सहा आठवडे परतण्याचे नव्हते, ते केवळ न फेकण्याचे होते. त्यानंतर सपाट जमिनीवरून हळूहळू वाढत्या अंतरावर फेकणे, मग पिचरच्या उंचवट्यावरून बुलपेन (बॅटरविना फेकण्याचा सराव), मग बॅटरसमोर सराव आणि शेवटी मायनर लीगचे काही सामने, असा सगळा क्रम पुन्हा पार करावा लागतो. म्हणजे जवळजवळ आणखी एक सराव-हंगामच. गिल मैदानात उतरला तो ३ ऑगस्टला. आणि जेथे कोणतीच तारीख सांगितली जात नाही, तेथे मुक्काम लांबचा समजावा: दोन्ही कोपरे दुखत असलेला यांकीजचा बॅटर जियानकार्लो स्टँटन त्या वर्षी १६ जूनपर्यंत खेळला नाही.

‘इंजर्ड लिस्ट’चे, म्हणजे दुखापतग्रस्तांच्या यादीचे, प्रकारही बोलके असतात. बॅटरसाठी ती किमान १० दिवसांची, पिचरसाठी १५ दिवसांची असते, आणि मोसमाच्या तोंडावर ती तीन दिवसांपर्यंत मागची तारीख घालून सुरू करता येते. ६० दिवसांच्या यादीत टाकलेला खेळाडू मात्र ४० जणांतली जागा मोकळी करतो. कोलसारख्याचे नाव त्या यादीत गेले की कॅरास्कोसारख्याला वाट मिळते, म्हणून दुखापत आणि निवड यांचा वाद वेगवेगळा घालू नये.

वादात आपले म्हणणे तारखेसह लिहून ठेवावे आणि त्यामागचे कारणही लिहावे. घरी बसून रोगनिदान करू नये, आणि दुखापतग्रस्त खेळाडू टाळाटाळ करतो असा आरोप तर कधीच करू नये. तो माणूस वेदना सोसत असतो आणि त्याच्या हाताचे दुखणे आपल्याला पडद्यावरून कळत नाही. भारतातून सामने पाहणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की पूर्व किनाऱ्यावर दुपारी १:०५ ला सुरू होणारा सामना आपल्याकडे रात्री ११:३५ ला लागतो, आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी अमेरिकेतील घड्याळे पुढे गेल्यावर १०:३५ ला.

२०२५ मध्ये २७ मार्चला यांकीजचा मोसम सुरू झाला, तेव्हा त्यांच्या २६ जणांत २९ वर्षांचा कॅचर जे. सी. एस्कारा होता. त्याआधी काही काळ त्याने उबर चालवून आणि शाळेत बदली शिक्षक म्हणून काम करून दिवस काढले होते. कोल, गिल आणि स्टँटन नव्हते. आपण आखलेले २६ रकाने त्या दिवशी जाहीर झालेल्या यादीशी ताडून पाहावेत, जेथे चुकलो तेथे नियम चुकला की अंदाज चुकला याची नोंद करावी, आणि कागद टाकून न देता त्यावर पुढची तारीख घालावी: ६० दिवसांच्या यादीतील खेळाडू मेच्या अखेरीस परतू शकतात, आणि तेव्हा त्यांच्यासाठी ४० जणांतून कोणाला तरी बाहेर काढावे लागते.